मेमरी संपते तेव्हा फाइल सिस्टीम काय करते?

फाइल ‘सेव्ह’ केली की ती डिस्कवर उतरली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात या दोन घटनांमध्ये काही सेकंदांचे अंतर असते. लिनक्स प्रणालीत हे अंतर नेहमीच्या मांडणीत सुमारे तीस सेकंदांपर्यंतही असू शकते. तेवढ्या अवधीत आपला मजकूर संगणकाच्या मेमरीत असतो आणि तो डिस्कपर्यंत सुखरूप पोहोचवण्याची जबाबदारी कर्नलमधील फाइल सिस्टीमवर असते. हे काम करताना तिला पदोपदी थोडी थोडी मेमरी मागून घ्यावी लागते. नेमक्या त्याच क्षणी मेमरी शिल्लक नसेल तर काय होते, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु कर्नल लिहिणाऱ्या तज्ज्ञांमध्ये त्यावर वर्षानुवर्षे वाद झालेला आहे. पतसंस्थेची खाती, जमिनीचे उतारे, वृत्तपत्राचे संग्रह असे सारेच आता सर्व्हरवर असल्यामुळे हा प्रश्न समजून घेणे अगत्याचे ठरते.

कर्नलची मागणी वेगळी का?

सामान्य प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा लिनक्स बहुधा ‘दिली’ असे म्हणते; मात्र प्रत्यक्ष मेमरी त्या जागेला प्रोग्रामने प्रथम स्पर्श केल्यावरच जोडली जाते. हातातील मेमरीपेक्षा अधिक मेमरीचे वचन देण्याच्या या पद्धतीला ओव्हरकमिट म्हणतात. वचने पाळणे अशक्य झाले की ‘ओओएम किलर’ नावाची यंत्रणा एखादा प्रोग्राम निवडून तो बंद करते आणि त्याची मेमरी मोकळी करते.

कर्नलच्या आतील मागणीला अशी सवलत नसते. तेथे मागितलेली मेमरी तत्काळ आणि खरोखरची लागते. ती स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरील राखीव जागेत, हलवता येत नाही. मेमरीचे वाटप पेज या एककात होते आणि नेहमीच्या इंटेल पद्धतीच्या संगणकावर एक पेज ४,०९६ बाइटचे असते. एकापेक्षा अधिक पेजेस सलग हवी असतील तर अडचण वाढते. कारण एकूण मेमरी मोकळी असली, तरी ती विखुरलेली असू शकते.

मागणी करताना कर्नलमधील प्रत्येक भागाला काही अटी सांगाव्या लागतात. या अटींची नावे ‘जीएफपी’ या अक्षरांनी सुरू होतात. ‘जीएफपी-कर्नल’ म्हणजे मागणाऱ्याची थांबण्याची तयारी आहे. वाटप करणाऱ्याने वाटेल ती खटपट करावी, जुनी पेजेस डिस्कवर लिहावीत, साठवून ठेवलेल्या नोंदी टाकून द्याव्यात. ‘जीएफपी-ऍटॉमिक’ म्हणजे थांबणे शक्यच नाही. असेल तर आत्ता द्या, नाहीतर नाही म्हणा. फाइल सिस्टीमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट ‘जीएफपी-नोएफएस’ ही होय. तिचा अर्थ असा, की मेमरी मोकळी करण्याची खटपट अवश्य करा, मात्र त्यासाठी पुन्हा फाइल सिस्टीमच्या दारात येऊ नका.

स्वतःचीच वाट पाहणे

ही शेवटची अट का लागते, ते एका प्रसंगावरून ध्यानात येईल. फाइल सिस्टीमने एक व्यवहार सुरू केला आहे, त्यासाठी काही कुलुपे स्वतःकडे घेतली आहेत आणि मध्येच तिला मेमरी हवी झाली. मेमरी कमी असल्यामुळे वाटप करणारी यंत्रणा मोकळी करण्याजोगी वस्तू शोधू लागते. तिला त्याच फाइल सिस्टीमची एक जुनी, न वापरलेली फाइलनोंद सापडते. ती काढून टाकायची तर फाइल सिस्टीमला कळवावे लागते आणि फाइल सिस्टीमला त्या कामासाठी तेच कुलूप हवे असते, जे तिने आधीच घेतलेले आहे. आता कुलूप सुटण्यासाठी मेमरी हवी आणि मेमरी मिळण्यासाठी कुलूप सुटावयास हवे. संगणक बंद पडत नाही, कोणतीही चूक दाखवत नाही. तो केवळ थांबतो. यालाच डेडलॉक म्हणतात.

‘नोएफएस’ अटीने हा फेरा टळतो. पण तिची किंमतही मोजावी लागते. फाइल सिस्टीमकडील नोंदी मोकळ्या करता येत नसल्यामुळे वाटप करणाऱ्याचे हात बांधले जातात, आणि अशा मागणीसाठी ओओएम किलरही सहसा बोलावला जात नाही. शिवाय ‘असू द्यावी सोबत’ म्हणून ही अट गरज नसलेल्या ठिकाणीही लावली जाऊ लागली. यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१२ या आवृत्तीत वेगळी सोय आली. प्रत्येक मागणीला अट चिकटवण्याऐवजी ‘या टप्प्यापासून त्या टप्प्यापर्यंत नोएफएस’ असे क्षेत्रच आखता येऊ लागले. जेथे कुलूप घेतले जाते तेथे क्षेत्र सुरू होते, कुलूप सुटते तेथे संपते. त्यामुळे अट का लावली आहे, हेही कोड वाचणाऱ्याला समजू लागले.

रोजकीर्द आणि खतावणी

मेमरी मिळाली नाही तर चूक कळवून माघार घ्यावी, हा उपाय सर्वांत सरळ दिसतो. कर्नलमध्ये त्यासाठी १२ क्रमांकाचा ‘ईनोमेम’ हा चूक-संकेत आहे. नवी फाइल उघडण्याच्या आरंभीच मेमरी नाकारली गेली, तर हा संकेत मागणाऱ्या प्रोग्रामला परत करावा आणि तोवर घेतलेल्या वस्तू उलट्या क्रमाने परत ठेवाव्यात, अशी रीत आहे. सर्वांत शेवटी घेतलेली वस्तू सर्वांत आधी सोडायची. हे शिस्तीने केले तर कोणाचेही नुकसान होत नाही.

पण व्यवहार अर्ध्यावर आल्यानंतर माघार घेणे इतके सोपे राहत नाही. आपल्याकडील हिशेबाच्या परंपरेतील रोजकीर्द आणि खतावणी येथे उदाहरण म्हणून उपयोगी पडतील. दिवसाचा व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहिला जातो आणि मग खतावणीत ज्या त्या खात्यावर मांडला जातो. एक्सटी-फोर आणि एक्सएफएस या लिनक्सवरील प्रमुख फाइल सिस्टीम हेच करतात. डिस्कवरील रचनेत होणारा बदल आधी जर्नलमध्ये नोंदवला जातो आणि नंतर त्याच्या मूळ जागी लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर जर्नल वाचून राहिलेले काम पुरे करता येते.

एक नवी फाइल निर्माण करायची तरी अनेक ठिकाणी बदल होतात. फाइलची स्वतःची नोंद तयार होते, कोणत्या नोंदी वापरात आहेत याचा तक्ता बदलतो, फोल्डरमध्ये नाव लिहिले जाते. यातील दोन बदल झाले आणि तिसऱ्याच्या वेळी मेमरी नाकारली गेली, तर काय करावे? येथे मूळ अडचण अशी, की या जर्नलमध्ये ‘पुढे न्या’ एवढीच सोय असते. ‘मागे फिरवा’ अशी नसते. बदलापूर्वीची स्थिती त्यात लिहून ठेवलेली नसते. त्यातच एक्सटी-फोरमध्ये अनेक प्रोग्रामचे बदल एकाच मोठ्या व्यवहारात एकत्र बांधले जातात आणि नेहमीच्या मांडणीत दर पाच सेकंदांनी तो पक्का केला जातो. एकाचे बदल वेगळे काढून रद्द करावेत, तर इतरांचे बदल त्याच पानांवर झालेले असतात.

म्हणूनच अर्धवट बदल झाल्यावर अपयश आले, तर फाइल सिस्टीमपुढे एकच सुरक्षित मार्ग उरतो. तो म्हणजे काम थांबवणे. एक्सएफएस अशा वेळी स्वतःला बंद करून घेते. एक्सटी-फोर जर्नल थांबवते आणि बहुधा केवळ वाचनापुरती उपलब्ध राहते. बीटीआरएफएसही व्यवहार सोडून देऊन केवळ-वाचन स्थितीत जाते. चुकीची खतावणी लिहिण्यापेक्षा दप्तर मिटणे बरे, हा त्यामागील विचार आहे. परंतु क्षणभराच्या मेमरी-टंचाईमुळे चालता सर्व्हर असा बंद पडणे, हीसुद्धा मोठीच हानी होय.

‘अपयशी होऊ न शकणारे’ छोटे वाटप

डिसेंबर २०१४ मध्ये या विषयाला नवे वळण मिळाले. टेट्सुओ हांडा या विकासकाने मेमरी संपल्यावर संगणक अडकून पडण्याचा प्रकार कर्नल विकासकांच्या निदर्शनास आणला. एक प्रोग्राम कुलूप घेऊन मेमरीची वाट पाहत होता. ओओएम किलरने बंद करण्यासाठी निवडलेला दुसरा प्रोग्राम त्याच कुलुपाची वाट पाहत होता. दुसरा मरू शकत नव्हता, म्हणून त्याची मेमरी सुटत नव्हती. मेमरी सुटत नव्हती, म्हणून पहिला पुढे सरकत नव्हता.

या चर्चेतून एक अलिखित नियम सर्वांसमोर आला. लिनक्समध्ये सलग आठ पेजेसपर्यंतची, म्हणजे ३२ किलोबाइटपर्यंतची, थांबण्याची तयारी असलेली मागणी जवळपास कधीच नाकारली जात नसे. वाटप करणारी यंत्रणा मेमरी मिळेपर्यंत फेऱ्या घालत राही. कर्नलविषयक लेखनासाठी प्रसिद्ध असलेल्या जोनाथन कॉर्बेट यांनी या नियमाचे वर्णन ‘अपयशी होण्यास फारच लहान’ असे केले. २००८ च्या आर्थिक अरिष्टात ‘बुडू देता येणार नाहीत इतक्या मोठ्या’ बँकांची चर्चा झाली होती. तिच्यावरचा हा श्लेष होता. एक्सएफएसचे प्रमुख विकासक डेव्ह चिनर यांच्यासारख्या जाणकारांनाही या वर्तनाचे आश्चर्य वाटले, कारण ‘मेमरी नाकारली जाऊ शकते’ हे गृहीत धरून कर्नलभर तपासण्या लिहिण्याची शिस्त पाळली जात होती. म्हणजे कोडमध्ये हजारो ठिकाणी अपयशाची तपासणी होती, पण ते अपयश प्रत्यक्षात जवळजवळ कधीच येत नव्हते. कधीही न चाललेली वाट बरोबर आहे की चूक, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मग हा नियम सरळ मोडून टाकावा, असे कोणी म्हणेल. तसे केल्यास काय होते, याचा प्रत्यय लवकरच आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.१९ या आवृत्तीत कोडची नीट मांडणी करण्याच्या हेतूने एक बदल झाला होता. त्यातून, कोणाच्या मनात नसताना, ‘नोएफएस’ मागण्या फेऱ्या घालत राहण्याऐवजी अपयशी होऊ लागल्या. फाइल सिस्टीमचे कोड त्या न संपणाऱ्या प्रयत्नांवर विसंबून होते, हे लक्षात येताच जुने वर्तन पूर्ववत करण्यात आले. एवढासा बदल, पण त्याने वर्षानुवर्षांचे अवलंबन उघडे पाडले.

नाकारता न येणारी मागणी

काही मागण्या खरोखरच नाकारता येण्याजोग्या नसतात, हे मान्य केले तर तसे उघड सांगण्याची सोय हवी. ती ‘नोफेल’ या अटीच्या रूपाने आहे. ही अट लावलेली मागणी वाटप करणाऱ्याने कितीही वेळ लागला तरी पुरी करावयाची असते. २०१० च्या सुमारास ती नापसंत ठरवून काढून टाकण्याचे प्रयत्न झाले. परिणाम उलटा झाला. गरज तशीच राहिली आणि विकासकांनी आपापल्या कोडमध्ये ‘मिळेपर्यंत मागत राहा’ अशा फेऱ्या हाताने लिहिल्या. एक्सटी-फोरच्या जर्नलमध्ये अशी फेरी होती. एक्सएफएसमध्येही होती, तेथे दर शंभर अयशस्वी प्रयत्नांनंतर ‘मेमरी वाटपात डेडलॉकची शक्यता’ असा इशारा नोंदवहीत पडत असे.

हाताने लिहिलेल्या फेरीचा दोष असा, की वाटप करणाऱ्या यंत्रणेला तिची वार्ता नसते. प्रत्येक प्रयत्न तिला नवी, सामान्य मागणी वाटतो. उलट ‘नोफेल’ अट दिसली, तर ही मागणी अडली आहे हे तिला कळते आणि राखीव साठ्यातील थोडा भाग देण्याचा विचार ती करू शकते. म्हणून आज कर्नलच्या कोडमधील सूचनाच सांगते की या अटीचा नवा वापर काळजीपूर्वक पारखावा, परंतु हाताने लिहिलेल्या फेरीपेक्षा ती केव्हाही बरी. एक्सएफएसनेही २०२४ मध्ये आपली जुनी वेगळी वाटप-पद्धत काढून कर्नलच्या सर्वसाधारण पद्धतीचा आणि या अटीचा स्वीकार केला.

अडकून पडण्याच्या मूळ समस्येवरही काम झाले. मिखाल होत्स्को यांनी तयार केलेला ‘ओओएम रीपर’ २०१६ मध्ये ४.६ या आवृत्तीत आला. बंद करण्यासाठी निवडलेला प्रोग्राम कुलुपापाशी अडकून पडला, तरी त्याच्या मरणाची वाट न पाहता त्याची बरीचशी मेमरी हा घटक काढून घेतो. हांडा यांनी दाखवलेला फेरा त्यामुळे पुष्कळ अंशी सुटला.

चांगल्या कोडची चार लक्षणे

एवढ्या अनुभवातून फाइल सिस्टीम लिहिणाऱ्यांसाठी काही संकेत रूढ झाले आहेत.

पहिला, लागणारी मेमरी व्यवहार सुरू होण्यापूर्वीच मागून घ्यावी. स्वयंपाकाला बसण्याआधी सामान काढून ठेवण्यासारखे हे आहे. तेव्हा नकार मिळाला तर ‘ईनोमेम’ कळवून सुखाने परत फिरता येते.

दुसरा, आधी मागणे शक्य नसेल तेथे राखीव साठा ठेवावा. कर्नलमधील ‘मेमपूल’ ही सोय यासाठीच आहे. डिस्ककडे जाणाऱ्या लेखन-विनंत्यांचे काम तिच्यावर चालते. थोड्या वस्तू कायम बाजूला ठेवलेल्या असतात. त्यातील एक काम संपताच परत येते आणि पुढच्याला मिळते. गती मंदावते, पण काम ठप्प होत नाही. संपूर्ण व्यवहारासाठीच असा साठा राखावा, अशी सूचनाही २०१५ च्या चर्चेत पुढे आली होती. मात्र एका व्यवहाराला जास्तीत जास्त किती मेमरी लागेल, याचा अंदाज बांधणे अवघड असल्यामुळे ती सर्वसाधारण रूप घेऊ शकली नाही.

तिसरा, सलग मोठा तुकडा मागण्याचा हट्ट धरू नये. २०१७ पासून उपलब्ध असलेली ‘के-व्ही-मॅलॉक’ ही पद्धत आधी सलग मेमरी शोधते. न मिळाल्यास विखुरलेली पेजेस जोडून सलग भासेल अशी जागा देते.

चौथा, अपयशाची वाट प्रत्यक्ष चालवून पाहावी. २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून कर्नलमध्ये मुद्दाम अपयश घडवण्याची सोय आहे. ठरावीक प्रमाणात मागण्या नाकारल्या जातात आणि कोड काय करते, ते तपासले जाते. या तपासणीचे मोल अभ्यासातूनही दिसते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये सहा लिनक्स फाइल सिस्टीममधील आठ वर्षांचे ५,०७९ बदल तपासले. त्यांना आढळलेल्या दोषांपैकी जवळपास ४० टक्के दोष अपयश हाताळणाऱ्या वाटांवर होते.

वापरणाऱ्यांनी काय जाणावे

सर्व्हर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने यातील काही गोष्टी नेहमीच्या उपयोगाच्या आहेत. आज अनेक सेवा कंटेनरमध्ये चालतात आणि प्रत्येक कंटेनरला मेमरीची मर्यादा आखलेली असते. फाइलनोंदींसारख्या कर्नलच्या काही वस्तूही या मर्यादेत मोजल्या जातात. त्यामुळे संपूर्ण यंत्रावर मेमरी मोकळी असूनही एखाद्या कंटेनरमधील फाइल उघडण्याची विनंती ‘ईनोमेम’ घेऊन परत येऊ शकते. अशा वेळी डिस्क बिघडल्याचा निष्कर्ष काढण्याआधी मर्यादा तपासावी.

फाइल सिस्टीम अचानक केवळ-वाचन स्थितीत गेली, तर तो तिचा आत्मरक्षणाचा उपाय असू शकतो. घाईने ती पुन्हा लेखनासाठी उघडू नये. प्रथम कर्नलची नोंदवही जपून ठेवावी, कारण टंचाईचे कारण तेथेच सापडते. मग एक्सटी-फोर असल्यास ती उतरवून तपासणी करावी. एक्सएफएस असल्यास उतरवून पुन्हा चढवावी, म्हणजे जर्नलमधील राहिलेले काम आपोआप पुरे होते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी लेखनाची आज्ञा यशस्वी झाली एवढ्यावर थांबू नये. महत्त्वाचा मजकूर असेल तर ‘एफसिंक’ करावे आणि त्याचे उत्तर तपासावे. ते उत्तर आल्याखेरीज मजकूर डिस्कवर पोहोचला, असे म्हणता येत नाही.

मेमरी स्वस्त झाली, यंत्रे मोठी झाली, तरी हा प्रश्न मिटलेला नाही. कारण उपलब्ध मेमरी पुरेपूर वापरणे हेच कर्नलचे धोरण आहे आणि टंचाई कोणत्या क्षणी येईल हे आधी सांगता येत नाही. त्या क्षणी मागे फिरावे, वाट पाहावी की दप्तर मिटावे, हा निर्णय कोड लिहितानाच करून ठेवावा लागतो. आपल्या खात्यावरील जमा आणि नावे यांचा मेळ बसतो, त्यामागे असे हजारो पूर्वनिर्णय असतात.